‘हाच तो’ आणि ‘मी तिथं नव्हतोच’ : ओळख आणि ॲलिबाय न्यायालयात कसे तपासले जातात

प्रश्न असा आहे : रात्रीच्या हल्ल्यात जखमी झालेला साक्षीदार कोर्टात आरोपीकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणतो. आरोपी म्हणतो, त्या वेळी मी तीसेक किलोमीटरवरच्या कारखान्यात रात्रपाळीला होतो. हजेरीची नोंद आहे, सोबतचे कामगार साक्ष द्यायला तयार आहेत. मग न्यायालय कुणाचं धरतं? आणि हजेरीचा कागद हातात असूनही शिक्षा कशी होते?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात साक्षीदार, दुसऱ्यात हजेरीपत्रक, आणि जड पारडं जिंकतं. गोंधळ इथूनच सुरू होतो. ओळख सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर असतं आणि ते शेवटपर्यंत त्याच्याच खांद्यावर राहतं. म्हणून आरोपीचा बचाव पूर्ण बाजूला ठेवून साक्षीदाराची ओळख एकटी, स्वतःच्या पायावर उभी राहते का, हे आधी पाहायचं. ती तिथंच कोसळली तर ॲलिबाय, म्हणजे अन्यत्र उपस्थितीचा बचाव, सिद्ध झाला की नाही याची चर्चाच लागत नाही. ती उभी राहिली तरच पुढचा प्रश्न येतो : या पुराव्यात आरोपीची अन्यत्र उपस्थिती बसेल एवढी फट आहे का?

ही ‘फट’ माझ्या पदरची नाही. जयंतीभाई भेंकरभाई वि. गुजरात राज्य (२००२) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं साधारण अशीच रीत सांगितली आहे. आरोपीचा पुरावा वाजवी शंका निर्माण करण्याइतक्या दर्जाचा असेल, तर सरकार पक्षाच्या पुराव्यात तो बचाव बसवायला जागा उरते का, हे न्यायालयानं तपासायचं.

कायद्याची चौकट थोडक्यात. ॲलिबाय हा भारतीय न्याय संहितेतल्या खासगी बचावाच्या हक्कासारखा अपवाद नाही. तो पुराव्याच्या सुसंगततेचा नियम आहे. जुन्या पुरावा कायद्यात तो कलम ११ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९ लागू आहे. जुन्या कायद्याच्या उदाहरणात गुन्हा कलकत्त्याला आणि आरोपी लाहोरला होता. नव्यात गुन्हा चेन्नईला आणि आरोपी लडाखला आहे. एवढं अंतर असेल तर वादच नसतो. खऱ्या खटल्यांत अंतर असतं पंधरा-वीस-तीस किलोमीटरचं, आणि सगळी लढाई मिनिटांवर येते.

‘मी दुसरीकडे होतो’ हे ज्यानं म्हटलं त्यानंच सिद्ध करायचं, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम १०६ सांगतं (जुनं १०३). बिनय कुमार सिंह वि. बिहार राज्य (१९९७) आणि त्याआधी महाराष्ट्र राज्य वि. नरसिंगराव पिंपळे (१९८४) या निकालांत भाषा कडक आहे : घटनास्थळी हजर असण्याची शक्यता पूर्णपणे नाहीशी होईल इतक्या खात्रीनं ॲलिबाय सिद्ध व्हायला हवा. या वाक्याचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. एवढा पुरावा देता आला तर आरोपी ॲलिबायच्या एकट्या बळावर सुटतो. तेवढा देता आला नाही म्हणजे तो दोषी ठरतो, असं त्यातून निघत नाही. अर्धवट सिद्ध झालेला ॲलिबायसुद्धा डळमळीत ओळखीवर शंका उभी करायला पुरेसा ठरू शकतो.

आता ओळखीकडे. इथं जास्त वेळ थांबायला हवं, कारण प्रामाणिक माणसाकडूनही सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिला सवाल : साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत होता का? गावातला, गल्लीतला, भावकीतला माणूस असेल, तर साक्षीदार चेहऱ्याबरोबर चाल, आवाज, अंगकाठी यांवरूनही ओळखतो. तिथं ओळख परेडीला, म्हणजे आरोपीला इतरांच्या रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावण्याला, अर्थ नाही. तिथं दोन गोष्टी पाहायच्या : खोटं नाव गोवण्याचं कारण आहे का, आणि फिर्यादीत नाव पहिल्याच तासात आलं का. ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर वार करून गेला आणि फिर्यादीत ‘अनोळखी इसम’ लिहिलं असेल, तर पुढचा तपास कितीही नेटका असला तरी ती भेग बुजत नाही. म्हणून फिर्यादीची वेळ, स्टेशन डायरीतली पहिली नोंद, रुग्णालयाच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या जखमी रुग्णांच्या) रजिस्टरमध्ये जखमीनं सांगितलेला मजकूर, आणि एफआयआरची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे कधी पोहोचली, हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. नाव कोणत्या कागदात पहिल्यांदा उगवतं, ते लगेच कळतं.

अनोळखी माणसाच्या बाबतीत मोजायच्या गोष्टी वेगळ्या. उजेड किती, कुठून, चेहऱ्यावर की पाठीवर? अंतर किती? चेहरा किती सेकंद दिसला? मध्ये माणसं, गाडी, झाड होतं का? तोंडाला रुमाल किंवा डोक्याला टोपी होती का? हातात कोयता-पिस्तूल असेल तर नजर शस्त्राकडे खिळते आणि चेहरा निसटतो, हे मानसशास्त्रीय प्रयोगांतून दिसलेलं आहे.

‘रस्त्यावरची ट्यूबलाइट चालू होती’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जबाबात असतं. ते तपासता येतं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात आणि कच्च्या नकाशात विजेचा खांब दाखवलाय का? खांबापासून जागा किती मीटरवर? त्या रात्री वीज होती का? महावितरणच्या उपकेंद्राच्या लॉगबुकात फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) कधी बंद झाला आणि कधी सुरू झाला, याच्या वेळा असतात. ते लॉगबुक मागवा. ‘चांदणं होतं’ म्हणत असतील तर पंचांग उघडा : तिथी कोणती, चंद्रोदय किती वाजता. वद्य नवमी-दशमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. रात्री नऊच्या घटनेला त्याचा काही उपयोग नाही. वैद्यकीय न्यायशास्त्रात टायडी यांचा एक जुना निकष अजून सांगितला जातो : अगदी परिचित माणूसही लख्ख चांदण्यात १७ यार्डांपलीकडे, म्हणजे साधारण साडेपंधरा मीटरच्या पुढे ओळखू येत नाही. तो आकडा ब्रह्मवाक्य म्हणून घेऊ नये, पण पन्नास मीटरवरून अनोळखी चेहरा पाहिल्याचा दावा जोखायला उपयोगी पडतो.

यानंतर पहिलं वर्णन. पोलिसांना दिलेल्या पहिल्या जबाबात वय, उंची, अंगकाठी, दाढी, व्रण, कपडे यांतलं काय आहे? ‘पाहिल्यास ओळखेन’ एवढंच वाक्य असेल आणि वर्णनाचा एक शब्द नसेल, तर पुढची परेड कशाशी ताडून पाहायची? वर्णनाशिवायची ओळख म्हणजे मापाशिवाय शिवलेला सदरा.

मग ओळख परेड. कोर्टात साक्षीदारानं पटवलेली ओळख हाच मूळ पुरावा. परेड फक्त त्याला दुजोरा देते. परेड झाली नाही म्हणून खटला आपोआप पडत नाही, हे मलखानसिंग वि. मध्य प्रदेश राज्य (२००३) या निकालानं स्पष्ट केलं आहे. साक्षीदारानं आरोपीला जवळून, बराच वेळ पाहिलं असेल तर कोर्टातली ओळखही पुरते. पण क्षणभर दिसलेला अनोळखी चेहरा, परेड नाही, आणि दोन-चार वर्षांनी थेट कोर्टात बोट दाखवणं, हे धोक्याचं आहे. पिंजऱ्यात उभा कोण आहे हे तिथं सगळ्यांनाच माहीत असतं. पी. शशिकुमार वि. तामिळनाडू राज्य (२०२४) या खटल्यात मंकी कॅप घातलेल्या अनोळखी माणसाला परेडीविना कोर्टात ओळखलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्षा टिकू दिली नाही.

महाराष्ट्रात परेड कशी घ्यायची हे मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. एक आरोपी असेल तर त्याच्यासारख्या वयाचे, उंचीचे, रंगाचे, बांध्याचे सुमारे सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं. दोन आरोपी असतील तर रांगेत दहा-बारा जण. एका परेडीत सहसा दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. दोन स्वतंत्र पंच, पोलीस आसपास नाहीत. साक्षीदारांना परेडची जागा दिसणार नाही अशा खोलीत बसवायचं आणि एकेकाला आणायचं. ओळख पटवून गेलेला साक्षीदार थांबलेल्यांत मिसळता कामा नये. आरोपीला रांगेत हवी ती जागा घेऊ द्यायची. पुढच्या साक्षीदाराआधी जागा आणि कपडे बदलायची मुभा द्यायची. सगळं तिथल्या तिथे मेमोरँडममध्ये, म्हणजे परेडीच्या लेखी नोंदीत, उतरवायचं.

यातला प्रत्येक नियम विशिष्ट चूक टाळण्यासाठी आहे. सहा डमी आणि एक आरोपी असताना नुसता अंदाज मारणाराही सातातून एकदा बरोबर ठरतो. त्या सहांतले चार जण पन्नाशीचे आणि आरोपी बावीस वर्षांचा असेल, तर खरी रांग उरते तिघांची, आणि अंदाज तिनातून एकदा बरोबर येतो. म्हणून मेमोरँडममध्ये ‘समान वयाचे व बांध्याचे इसम’ एवढं छापील वाक्य पुरत नाही. प्रत्येक डमीचं नाव, वय, उंची लिहिलेली हवी. आरोपीच्या गालावर व्रण असेल तर रांगेतल्या सगळ्यांच्याच गालावर त्या जागी पट्टी लावायची. ती फक्त त्याच्या गालावर लावली तर तो अधिकच उठून दिसतो.

परेड बाहेरच्या बाहेर कशी नासते तेही पाहा. अटकेनंतर चेहरा न झाकता पत्रकार परिषदेत उभं केलेलं असतं; गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरलेला असतो; रिमांडसाठी कोर्टात आणताना काळा बुरखा नव्हता आणि त्याच दिवशी साक्षीदार कोर्टाच्या आवारात होता. उलटतपासात हे प्रश्न तारखेसह विचारावे लागतात. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यानंही आरोपीला विचारून नोंदवायला हवं की साक्षीदारांनी तुला आधी पाहिलंय का. परेडीच्या वेळी पोलीस हजर असतील तर साक्षीदाराचं तिथलं बोलणं पोलिसांसमोरचं निवेदन ठरतं आणि पुराव्यातून बाद होतं. रामकिशन मिठनलाल शर्मा वि. मुंबई राज्य (१९५५) पासून हे पक्कं आहे. परेडला उशीर किती चालतो याला ठराविक दिवस नाहीत. उशिराचं कारण पटणारं आहे का आणि त्या काळात चेहरा दिसण्याची संधी होती का, एवढंच पाहतात. परेड घेणाऱ्याला अधिकार होता का, हेही तपासा. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी १२ जणांना निर्दोष ठरवताना परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या अधिकाराचा मुद्दा आणि शंभराहून अधिक दिवस गप्प राहिलेले साक्षीदार या दोन्हींवर बोट ठेवलं. (सर्वोच्च न्यायालयानं काही दिवसांतच हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्याला स्थगिती दिली आहे, तेव्हा तो उद्धृत करताना जपून.)

जखमी साक्षीदाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. जखम हा तो तिथं होता याचा भक्कम पुरावा आहे. त्यानं कुणाला पाहिलं ते बरोबर आहे, याचा तो पुरावा नव्हे. जखमी माणसाला खोटं बोलायचं कारण नसतं, खऱ्या हल्लेखोराला तो सोडणार नाही, हे मान्य. पण अनोळखी माणसाच्या बाबतीत त्याची चूक प्रामाणिक असू शकते, आणि प्रामाणिक चूक उलटतपासातही ठाम राहते. अंकुश मारुती शिंदे वि. महाराष्ट्र राज्य हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक फौजदारी वकिलानं वाचावं असं प्रकरण आहे. २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच ठरवली. पुढे फेरविचारात तो निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदारानं घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांवर खटला भरलाच गेला नव्हता. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. साक्षीदाराची सर्वांत पहिली ओळख कोणती होती, हे शोधून काढणं किती मोलाचं आहे ते इथं दिसतं. कोर्टातली खात्री त्या पहिल्या क्षणाची जागा घेऊ शकत नाही. ती मधल्या काळात आजूबाजूच्या बोलण्यानंही घट्ट झालेली असते.

आता ॲलिबाय. समजा, वरच्या प्रश्नातलं प्रकरण असं आहे. फिर्यादीत घटनेची वेळ ‘सव्वानऊच्या सुमारास’. ११२ ला पहिला फोन ९.२७ ला. रुग्णालयात दाखल ९.५०. म्हणजे घटना साधारण ९.०५ ते ९.२५ या वीस मिनिटांत कधीतरी. कारखाना ३१ किलोमीटरवर, मोटरसायकलनं नेहमी ४५ मिनिटं, रात्री मोकळ्या रस्त्यानं जोरात हाकली तर ३५. बचावाला नेहमी स्वतःच्या विरोधातले आकडे धरावे लागतात : घटनेची खिडकी (ती घडू शकेल तो वेळ) रुंद, प्रवास कमीत कमी. मग गणित असं : ९.२५ ला पोहोचायचं तर कारखाना उशिरात उशिरा ८.५० ला सोडायला हवा, ९.०५ ला निघालं तर परत लवकरात लवकर ९.४० ला. म्हणजे ८.५० ते ९.४० यांच्या मध्ये कधीही तो कारखान्यात होता हे पक्कं सिद्ध झालं, तर तो घटनास्थळी असूच शकत नाही. याच पन्नास मिनिटांसाठी पुरावा हवा. बाकी रात्रभराचा पुरावा असला काय, नसला काय, सारखाच.

त्याच्या हजेरीचं बोट ८.०२ ला लागलंय आणि कँटीनचं कूपन १०.४० चं आहे. दोन्ही खरी आणि दोन्ही निरुपयोगी : त्या दोनांच्या मध्ये जाऊन, वार करून, परत यायला भरपूर वेळ आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर दूधनाथ पांडे वि. उत्तर प्रदेश राज्य (१९८१) मध्ये नेमकं हेच झालं. आरोपी नैनीच्या कारखान्यात कामावर होता असा बचाव. न्यायालयानं म्हटलं, साक्षीदारांचं सगळं खरं धरलं तरी साडेआठला कारखान्यात आणि नऊला घटनास्थळी असणं शक्य आहे, कारण अंतर थोडं आहे. शिवाय कामगार आत येताना कार्ड पंच करतात, बाहेर पडताना करत नाहीत. त्याच निकालात बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकंच समान वागवावं, असंही म्हटलं आहे. सत्र न्यायालयात हे वाक्य आवर्जून वाचून दाखवावं, कारण बचावाचा साक्षीदार म्हणजे सांगून आणलेला, असा समज अजून गेलेला नाही.

आपल्या उदाहरणात ही पन्नास मिनिटांची खिडकी कशानं बंद होईल? यंत्राच्या उत्पादन नोंदीत ९.०० आणि ९.३० ला त्या कामगाराच्या कोडवर झालेली नोंद, आणि ते यंत्र दुसऱ्या कुणी चालवलं नाही हे सांगणारा सुपरवायझर. किंवा गेटवरच्या कॅमेऱ्यात ८.०२ ते ९.४० दरम्यान तो बाहेर पडलेला नाही, आणि कारखान्याला दुसरा दरवाजा नाही. दुसऱ्या दरवाज्याचा प्रश्न सरकारी वकील विचारणारच; तो आधी स्वतः तपासून घ्या.

प्रत्येक कागद नेमकं काय सिद्ध करतो हे वेगळं पाहावं लागतं. रेल्वेच्या आरक्षणातून तिकीट काढल्याचं सिद्ध होतं, प्रवास केल्याचं नाही. टीटीईच्या तक्त्यावरची खूण त्याहून मोलाची. फास्टॅगमधून गाडी गेल्याचं कळतं, चालवत कोण होतं ते नाही. ओपीडीच्या केसपेपरवर बहुधा तारीखच असते, वेळ नसते; पण रुग्ण दाखल असेल तर परिचारिकेचा तापमान-नाडीचा तक्ता ठराविक तासांनी भरलेला असतो आणि तो कामाला येतो. लग्नाची पत्रिका काहीच सिद्ध करत नाही. लग्नातला फोटो वेळेच्या मूळ नोंदीसह, मूळ फोनमधून आला तर करतो.

मोबाईलच्या नोंदींबाबत अपेक्षा आवरा. सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, फोनची जागा सांगतो, माणसाची नाही, आणि तीही टॉवरच्या पट्ट्यापुरती. शहरात तो पट्टा काहीशे मीटरचा, ग्रामीण भागात काही किलोमीटरचाही असू शकतो. त्यामुळे ३१ किलोमीटरच्या वादात सीडीआर उपयोगी, दोन किलोमीटरच्या वादात जवळजवळ व्यर्थ. त्यातही फोन त्याच्याच हातात होता हे दाखवायला त्या पन्नास मिनिटांत झालेलं खरं संभाषण हवं, आणि पलीकडच्या माणसाची साक्ष. नुसता चालू असलेला फोन कपाटातही असू शकतो. सेल आयडीचा (कोणता टॉवर कुठे आहे त्याचा) तक्ता आणि अँटेनाची दिशा मागायला विसरू नका, नाहीतर हाती नुसते आकडे राहतात.

इलेक्ट्रॉनिक नोंदीला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५ब). ते अनिवार्य आहे हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालानं पक्कं केलं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झाला का हे कळवणारा तिचा अंकी ठसा, लिहावी लागते. सीसीटीव्हीबाबत आणखी एक बारीक गोष्ट : डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बऱ्याचदा पुढे-मागे असतं. फुटेज घेतानाच डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहा. सात मिनिटांचा फरकही आपलं वरचं सगळं गणित उलटवू शकतो.

आणि हे सगळं नाहीसं होतं. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिना एवढीच मुदत असते. कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात (डिसेंबर २०२१ पूर्वी एकच वर्ष), पण खटला उभा राहीपर्यंत तीही उलटून जाते. आरोपीला बचावाचे कागद सादर करून घ्यायचा हक्क साधारणपणे बचावाच्या टप्प्यावर मिळतो, हे देबेंद्रनाथ पाढी (२००५) निकालामुळे खरं आहे. म्हणून सुरुवातीला मागणी ‘सादर करा’ अशी नको, ‘जपून ठेवा’ अशी करा. अटकेनंतर पहिल्याच आठवड्यात कारखान्याला, दुकानदाराला लेखी पत्र. तपास अधिकाऱ्याला पत्र, पोच घेऊन. आणि दंडाधिकाऱ्यांकडे नोंदी जतन करण्याचा अर्ज.

या पत्रांचा दुसरा उपयोग अधिक मोठा आहे. इंग्लंडमध्ये ॲलिबायची आगाऊ सूचना द्यावी लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण जो बचाव पहिल्यांदा आरोपीच्या जबाबात, नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५१ खाली (जुनं ३१३), खटल्याच्या शेवटी येतो, तो ‘मागाहून सुचलेला’ म्हणून झटकला जातो. पहिल्या रिमांडला, जामीन अर्जात, पोलीस अधीक्षकांना दिलेल्या अर्जात तीच वेळ, तीच जागा, तेच साक्षीदार आलेले असतील तर हा आक्षेप उरत नाही. उलट तपास अधिकाऱ्याला विचारता येतं : हे पत्र मिळालं होतं? कारखान्यात गेलात? गेट रजिस्टर पाहिलं? जप्त का केलं नाही? गुन्हा रद्द करून घेण्यासाठी मात्र ॲलिबायवर भिस्त ठेवू नका. तो खटल्यात पुराव्यानंच सिद्ध करायचा, असं राजेंद्र सिंह वि. उत्तर प्रदेश राज्य (२००७) मध्ये ठरलेलं आहे.

बचाव पक्षाकडून सर्वांत महागात पडणारी चूक उलटतपासात होते. आरोपी म्हणतो मी नव्हतोच, आणि वकील साक्षीदाराला सुचवतो, ‘आधी तुम्हीच त्याच्यावर धावून गेलात ना?’ एका वाक्यात आरोपी घटनास्थळी येऊन उभा राहतो. बाळू सुदाम खळदे वि. महाराष्ट्र राज्य (२०२३) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बचावाच्या वकिलानं सुचवलेली गोष्ट आरोपीविरुद्ध विचारात घेता येते. ॲलिबाय घ्यायचा तर पहिल्या साक्षीदारापासून घ्या, आणि प्रत्येक प्रत्यक्षदर्शीला ‘आरोपी तिथं नव्हता, तुमची ओळख चुकली’ हे विचारा. ‘साक्षीदार खोटारडा आहे’ यापेक्षा ‘साक्षीदार चुकला’ ही मांडणी बहुतेक वेळा खरीही असते आणि न्यायाधीशांना मान्य व्हायलाही सोपी जाते.

बचावाचा साक्षीदार उभा करताना त्याला एकच गोष्ट पक्की विचारा : तीच तारीख तुला का आठवते? ‘तो माझ्याबरोबर सात ते अकरा होता’ असं तीन कामगार शब्दशः सारखं सांगू लागले की पाठ केल्याचा वास येतो. त्यापेक्षा ‘नऊच्या सुमारास पट्टा तुटला, दोघांनी मिळून बदलला, मेंटेनन्सच्या वहीत लिहिलंय’ असं सांगणारा एकच पुरे. आरोपी स्वतःही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५३ खाली शपथेवर साक्ष देऊ शकतो. मग उलटतपास मोकळा होतो, त्यामुळे ते प्रकरण पाहूनच ठरवावं. आरोपीच्या जबाबातलं नुसतं विधान मात्र शपथेवरचा पुरावा नव्हे. त्यावर ॲलिबाय उभा राहत नाही.

सरकार पक्षाची नेहमीची चूक उलट बाजूची. ॲलिबाय खोटा ठरला की युक्तिवाद तिथंच संपवायचा : खोटं बोलला, म्हणजे गुन्हा त्याचाच. शरद बिर्धीचंद सारडा वि. महाराष्ट्र राज्य (१९८४) या पुण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेली मर्यादा इथं आठवावी : खोटा बचाव फार तर आधीच पूर्ण झालेल्या पुराव्याला जोर देतो, तुटलेली कडी तो जोडत नाही. निर्दोष माणूसही घाबरून खोटा साक्षीदार उभा करतो. कधी तो त्या वेळी अशा ठिकाणी असतो जे घरच्यांसमोर सांगता येत नाही, म्हणून दुसरंच ठिकाण सांगून बसतो.

निकालपत्रांत ही गल्लत ओळखायची एक सोपी खूण आहे. परिच्छेदांचा क्रम बघा. ‘आरोपीनं अन्यत्र उपस्थिती सिद्ध केलेली नाही’ हा निष्कर्ष आधी आणि ओळखीच्या पुराव्याची छाननी नंतर, किंवा तिचा पत्ताच नाही, असं दिसलं तर अपिलाचा पहिला मुद्दा तिथंच आहे : ओझं उलट्या खांद्यावर टाकलं गेलं. अपिलाच्या टप्प्यावर सापडलेलं लॉगबुक किंवा गेट रजिस्टर असेल तर त्याच संहितेच्या कलम ४३२ खाली (जुनं ३९१) जादा पुराव्याचा अर्ज करता येतो. त्यात तो कागद आधी का आणता आला नाही याचं कारण तारखांसह द्यावं लागतं, आणि तिथं अटकेच्या आठवड्यात पाठवलेल्या त्या पत्राची पोच सर्वांत उपयोगी पडते.